मुका मार

मराठीत 'मुका मार' असा एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. ज्या माराने कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, हाड मोडत नाही, पण आत कोठेतरी इजा होते, त्याला आपल्या वाडवडिलांनी मुका मार म्हटले. आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून त्यावर ऊन ऊन लेप द्यावा, दोनचार दिवसांत ठणका ओसरावा, एवढाच त्याचा उपचार आपल्या घराघरांतून चालत आला आहे. हातापायांच्या बाबतीत तो बहुधा पुरतोही. परंतु हाच मार लहान मुलाच्या पोटावर बसला, तर गोष्ट निराळी होते. तो कधी एक दिवसाने, कधी तीन दिवसांनी आणि कधी चारपाच आठवड्यांनी बोलू लागतो. आणि तोपर्यंत मूल पडले होते, हेच घरातली माणसे विसरून गेलेली असतात. अशा माराविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. मी डॉक्टर नव्हे. सरकारी कचेरीत कागदपत्रे पाहणारा मनुष्य आहे. परंतु हा विषय मला पुस्तकातून नव्हे, तर घरातल्या एका प्रसंगातून शिकावा लागला.

काही वर्षांपूर्वी नोकरीतील बदलीमुळे मी चेन्नईच्या दक्षिणेस शोळिंगनल्लूर येथे राहावयास गेलो. जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरचे हे गाव २०११ साली चेन्नई महानगरपालिकेत सामील झाले. पूर्वेला बकिंगहॅम कालवा, त्याच्या पलीकडे समुद्र, आणि रस्त्याच्या कडेने संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती, असे त्याचे आजचे रूप आहे. एका मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीने आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला सुट्टीसाठी पुण्याहून आमच्याकडे पाठविले. मामाच्या घरी आलेला भाचा. त्याचे लाड व्हावयाचेच. शेजाऱ्यांची एक सायकल त्याला मिळवून दिली आणि वसाहतीच्या फाटकाबाहेर जावयाचे नाही, एवढी एकच अट घातली. दुसऱ्याच दिवशी तो गुडघा खरचटून घेऊन आला. डोळ्यांत पाणी होते. मी हसून म्हणालो, "पडे झडे, माल वाढे! सायकलवरून पडल्यावर रडायचं नसतं."

त्या वाक्याचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी तो म्हणाला, "मामी, पोटात दुखतंय." घरात आंब्यांची पेटी आलेली होती. तिने ओवा दिला. सोमवारी उलट्या सुरू झाल्या. जवळच्या डॉक्टरांनी विचारले, "काल काय खाल्ले?" आम्ही आंबे सांगितले, आणि आम्ही सांगितले त्याला अनुसरून त्यांनी अपचनाचे औषध दिले. रात्री मात्र मुलाचे लक्षण पालटले. तो पाठीवर निजेना. गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून बसून राही. उलटीचा रंग हिरवट झाला. अंगात कणकण होती. मंगळवारी पहाटे त्याला उचलून गाडीकडे नेत असता फाटकावरचा रखवालदार पुढे आला. माझे तामिळ तेव्हा जेमतेम होते. 'सायकल' आणि 'वयिरु' एवढे दोनच शब्द मला कळले. वयिरु म्हणजे पोट. त्याने दोन्ही मुठी सायकलच्या हँडलवर धराव्यात तशा धरल्या, आणि मग एक मूठ स्वतःच्या बेंबीच्या वर टेकवून दाखविली.

शनिवारी संध्याकाळी मुलगा फाटकाबाहेर गेला होता. रस्त्याच्या कडेच्या वाळूत पुढचे चाक रुतले, हँडल गर्रकन फिरले आणि त्याचे टोक पोटात बसले. रखवालदाराने त्याला उचलून उभे केले, पाणी पाजले. घरी सांगू नका, अशी मुलाने त्याला खुणेने विनवणी केली होती.

गाडीत मी विचारले, "अरे, सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "मामा, मी बाहेर गेलो होतो ना. आणि तूच म्हणाला होतास, पडल्यावर रडायचं नसतं."

रुग्णालयात पोहोचल्यावर सर्वांआधी मी ही हकीकत सांगितली. डॉक्टरीणबाईंनी मुलाचा सदरा वर केला. बेंबीच्या वर, किंचित डावीकडे, रुपयाएवढे गोल, निळसर वळ उमटलेले होते. नऊ वर्षांचा मुलगा आपली आंघोळ आपण करतो. तीन दिवसांत ते आमच्यापैकी कोणाच्याही दृष्टीस पडले नव्हते. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली, सी.टी. स्कॅन झाले, आणि निदान निघाले की मुलाच्या स्वादुपिंडाला इजा झाली आहे.

स्वादुपिंड हा शब्द मी तोपर्यंत मधुमेहाच्या संदर्भातच ऐकला होता. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लागला, तेव्हापासून या ग्रंथीचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु इन्शुलिन तयार करणे हा तिच्या कामाचा एक भाग झाला. तिचे दुसरे आणि मोठे काम म्हणजे पाचकरस तयार करणे. प्रौढ माणसाच्या स्वादुपिंडातून दिवसाकाठी एक ते दोन लिटर रस एका नळीवाटे लहान आतड्यात उतरतो आणि भातातील पिष्ट, डाळीतील प्रथिने, तुपातील स्निग्धांश या सर्वांचे पचन करतो. ही नळी १६४२ साली इटलीतील पादुआ येथे विर्सुंग नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने शोधून काढली. आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. हा रस इतका प्रखर असतो की निसर्गाने तो मोठ्या खबरदारीने साठविला आहे. प्रथिने पचविणारी द्रव्ये ग्रंथीत असताना निद्रिस्त असतात; आतड्यात उतरल्यावरच ती जागी होतात. नळी फाटली वा ग्रंथी चिरडली, की ही व्यवस्था मोडते. रस बाहेर झिरपतो, द्रव्ये भलत्याच ठिकाणी जागी होतात, आणि ज्याने अन्न पचवावयाचे तो रस स्वतःच्याच मांसाला पचवू लागतो. या दाहाला डॉक्टर 'पँक्रिआटायटिस' म्हणतात.

आता ही ग्रंथी असते कोठे, ते पाहू. प्रौढ माणसात ती सुमारे पंधरा सेंटिमीटर लांब असते. जठराच्या मागे, कण्याच्या पुढे, ती आडवी पसरलेली आहे. तिचे डोके उजवीकडे लहान आतड्याच्या आरंभीच्या वळणात बसते आणि शेपटी डावीकडे प्लीहेपर्यंत पोहोचते. मधला भाग थेट कमरेच्या वरच्या मणक्यांवरून जातो. प्राचीन काळी गेलेन या थोर ग्रीक वैद्याची समजूत होती की, पाठीमागच्या रक्तवाहिन्यांना आधार देणारी ही एक गादी आहे. वास्तविक पाहता बिचाऱ्या स्वादुपिंडाला स्वतःलाच गादी नाही. पुढून जोराचा दाब आला, की पुढे सायकलचे हँडल आणि मागे मणक्याचे हाड, अशा दोन कठीण वस्तूंत ते पाट्यावरच्या पदार्थासारखे सापडते. वरवंटा लहान असला म्हणून चिरडणे टळत नाही. उलट, सारा जोर एकाच ठिकाणी एकवटतो.

मोठ्या माणसाला पोटाच्या स्नायूंची आणि चरबीची भिंत असते. मुलाची ती भिंत पातळ असते. त्याच्या फासळ्या लवचीक आणि अधिक आडव्या असल्यामुळे पोटाचा वरचा भाग पुरता झाकला जात नाही. म्हणून सायकलच्या हँडलने होणारी ही इजा विशेषेकरून मुलांची आहे. १९९८ साली अमेरिकेतील संशोधकांनी या विषयावरील एका शोधनिबंधात हँडलला 'दडलेल्या भाल्यां'ची उपमा दिली. यात ध्यानी घेण्यासारखी गोष्ट अशी, की त्यासाठी वेगाने जाण्याची गरज नसते. मूल सावकाश चालले असता चाक वळते, हँडल काटकोनात फिरते, आणि तोल गेलेल्या मुलाच्या देहाचा भार त्या नळीच्या टोकावर येतो. पडणे किरकोळ दिसते, वळ लहान असते, आणि आतली इजा मात्र मोठी असू शकते.

सायकल हे एकच कारण नव्हे. आपल्याकडे स्कूटरवर वडिलांच्या पुढे मुलाला उभे करण्याची पद्धत आहे. एकाएकी ब्रेक दाबला, की ते मूल पोटाने हँडलवर आदळते, आणि मागून वडिलांच्या देहाचाही भार त्याच्यावर येतो. मोटारीत मोठ्या माणसासाठी केलेला पट्टा मुलाच्या कमरेऐवजी पोटावर चढतो. टक्कर झाल्यावर धड पुढे फेकले जाते आणि त्या पट्ट्याभोवती दुमडते. त्या झटक्याने कमरेचा मणका आडवा चिरण्याचा जो प्रकार घडतो, त्याचे वर्णन १९४८ साली चान्स नावाच्या डॉक्टरांनी केले होते. म्हणून अपघातानंतर मुलाच्या पोटावर पट्ट्याचा वळ दिसत असेल आणि ते पाठ दुखते म्हणत असेल, तर पाठीबरोबर पोट आणि पोटाबरोबर पाठ तपासावी लागते. शिवाय स्वादुपिंड पाठीच्या इतके लगत असते, की त्याच्या दुखण्याची कळ पुष्कळदा पाठीतच जाणवते. मूल म्हणते पाठ दुखते, आपण चोळतो पाठ, आणि दुखणे असते पोटात.

ही इजा वारंवार होणारी नाही, हे येथे सांगितले पाहिजे. पोटावरील मारात यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडे यांना अधिक वेळा दुखापत होते. स्वादुपिंडाला त्या मानाने क्वचित. परंतु ती चटकन ओळखू येत नाही, हाच तिच्यातला धोका. मार बसल्यावर काही तास मूल खेळते, जेवते. पुढे बेंबीच्या वर दुखू लागते, उलट्या होतात, पोट फुगते, ताप येतो. उलटी हिरवी असेल तर ते विशेष काळजीचे लक्षण; कारण हँडलच्या त्याच माराने लहान आतड्याच्या भिंतीत रक्त साकळून अन्नाची वाटही अडू शकते. तपासण्यासुद्धा आरंभी फसवितात. रक्तातील 'अमायलेज' नावाचे द्रव्य स्वादुपिंडाच्या इजेनंतर वाढते, परंतु पहिल्या दोनतीन तासांत ते पुष्कळदा वाढलेले नसते. पहिल्या दिवशीच्या सी.टी. स्कॅनमध्येही चीर दिसेलच असे नाही. म्हणून जाणते डॉक्टर मुलाला ठेवून घेतात, काही तासांनी रक्त पुन्हा तपासतात, पुन्हा पुन्हा पोट चाचपून पाहतात. "सगळे रिपोर्ट चांगले आहेत, मग घरी का सोडत नाही?" असा वाद आपण त्यांच्याशी घालतो. त्या थांबण्यालाच तेथे उपचाराचे मोल असते, हे मला तेव्हा समजले.

इंग्लंडमध्ये १८२७ साली ट्रॅव्हर्स या शस्त्रवैद्याने फाटलेल्या स्वादुपिंडाची जी पहिली नोंद केली, ती घोडागाडीच्या चाकाचा तडाखा बसून मरण पावलेल्या एका स्त्रीची होती. निदान झाले ते शवविच्छेदनात. आज स्थिती पुष्कळ पालटली आहे. स्वादुपिंडाच्या इजेत सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न असतो तो मुख्य नळी शाबूत आहे की तुटली, हा, आणि एम.आर.आय.च्या एका खास तपासणीने टाका न घालता ती नळी पाहता येते. नळी शाबूत असेल, तर बहुतेक मुले शस्त्रक्रियेवाचून बरी होतात. शिरेतून द्रव, वेदनाशामक औषध, विश्रांती, आणि पोट स्वीकारील तसे हळूहळू अन्न. काही वेळा बारीक नळीने अन्न जठराच्या पलीकडे आतड्यात पोहोचवितात. नळीच तुटली असेल, तर दुर्बिणीतून आत नळी बसविणे, किंवा शस्त्रक्रिया करून निकामी झालेला शेपटीकडचा भाग काढणे, यांचा विचार होतो. अशा मुलांपैकी कोणाला शस्त्रक्रिया करावी आणि कोणाला वाट पाहून सांभाळावे, याविषयी तज्ज्ञांतही एकमत नाही. ते त्या त्या मुलाकडे पाहून ठरवावे लागते. शेपटीकडचा भाग काढल्याने मधुमेह होतोच असे नाही. उरलेला भाग बहुधा काम निभावून नेतो. मात्र ग्रंथीचा मोठाच भाग गेला, तर तो धोका राहतो.

माझ्या भाच्याची मुख्य नळी, सुदैवाने, शाबूत होती. अकरा दिवसांनी तो घरी आला. त्याला पुण्याला पोहोचवावयास मी स्वतः गेलो. बहिणीने मला दोष दिला नाही. ती एवढेच म्हणाली, "दादा, आता पुढे काय पाहायचं ते नीट सांग." मी डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद तिच्या हाती ठेवला, आणि त्या कागदाचाच पुढे उपयोग झाला. मार बसून पाच आठवडे झाले होते. मुलगा शाळेत जाऊ लागला होता. पण जेवताना दोन घास झाले की म्हणे, "पोट भरलं." दुसऱ्या कोणा आईने ते खाण्याचे नखरे समजून सोडून दिले असते. तिने सोनोग्राफी करविली. स्वादुपिंडाजवळ झिरपलेल्या रसाची पिशवी तयार झाली होती आणि ती जठराला पुढे रेटीत होती. डॉक्टर हिला 'स्यूडोसिस्ट' म्हणतात, म्हणजे खोटी पिशवी. कारण तिला स्वतःचे अस्तर नसते, आसपासच्या अवयवांच्या भिंतींनीच ती कोंडलेली असते. तिला पक्की भिंत यावयास साधारण चार आठवडे लागतात, म्हणून ती उशिरा कळते. अशा कित्येक पिशव्या आपोआप जिरतात. काही मोठ्या होतात, त्यांत पू होतो, रक्तस्राव होतो किंवा त्या फुटतात, आणि मग दुर्बिणीतून त्यांचा मार्ग जठरात काढून द्यावा लागतो. काही मुलांच्या पोटात पाणी साठते. काहींची नळी पुढे आकसून दुखणे वरचेवर उलटते. आमच्या मुलाची पिशवी दर काही आठवड्यांच्या सोनोग्राफीत लहान लहान होत गेली आणि दिवाळीच्या सुमारास नाहीशी झाली.

या सगळ्यावरून घरच्या माणसांनी काय घ्यावे? मुलाच्या पोटावर हँडल, दगड, लाथ वा पट्टा यांचा जोराचा मार बसला आणि त्यानंतर दुखणे, वळ किंवा उलटी यांपैकी काहीही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. 'बेंबी सरकली', 'वाटी सरकली' म्हणून पोट चोळून घेण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. अशा वेळी पोट मुळीच चोळू नये. उलट्या होत असतील किंवा कळा फार असतील, तर डॉक्टर पाहीपर्यंत खाऊपिऊ घालू नये, आणि घरच्या गोळीने कळ दाबून टाकू नये. मूल बरे दिसले तरी पुढील काही दिवस लक्ष ठेवावे. आणि पुढील महिना-दोन महिन्यांत पोटाची कोणतीही तक्रार निघाली, तर ते पडले होते, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. ते विचारतील याची वाट पाहू नये.

आधीची काळजी त्याहून सोपी आहे. सायकलच्या हँडलच्या टोकांची रबरे झिजून आतली लोखंडी नळी उघडी पडली असेल, तर ती आजच बदलावीत; थोडक्या पैशांचे काम आहे. मुलगा वाढेल म्हणून मोठी सायकल घेण्याची काटकसर करू नये. २०२२ साली केंद्र सरकारने काढलेल्या नियमांनुसार, दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षापट्टा आणि हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नको. नियम कागदावर लिहिणाऱ्यांपैकी मीही एक आहे, म्हणून सांगतो: स्कूटरवर मुलाला पुढे उभे करणारा हात हा आपल्या घरचाच असतो, तेथे प्रत्येक वेळी पोलीस पोहोचू शकत नाही.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. अगदी लहान मुलाच्या स्वादुपिंडाला इजा झाली आहे आणि पडल्याची समाधानकारक हकीकत कोणी सांगू शकत नाही, असे दिसले, तर त्या मुलाला कोणी मारले तर नाही ना, हा प्रश्न डॉक्टरांना विचारावाच लागतो. रागाच्या भरात पोटात घातलेली लाथ वा गुद्दा हँडलइतकाच घातक ठरतो. शेजारच्या घरात असे काही घडत असल्याची शंका आली, तर १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे.

त्या मंगळवारच्या पहाटेचा विचार माझ्या मनात अजून येतो. रक्ताची तपासणी होती, यंत्रे होती, तज्ज्ञ होते. नव्हती ती एक साधी हकीकत. ती तीन दिवस एका मुलाच्या तोंडात अडकून राहिली होती, आणि तिला अडविणारा मी होतो. फाटकाबाहेर जाण्याची मनाई करण्यात माझी चूक नव्हती. परंतु मनाई मोडूनही घरी येऊन खरे सांगता येते, हा विश्वास मी त्याला दिला नव्हता. आणि खरचटलेल्या गुडघ्याला लागू पडणारी म्हण त्याने पोटालाही लावून घेतली. तो आता मोठा झाला आहे, सायकलवरून शाळेला जातो. सुट्टीत तो आला की मी त्याला बजावतो, "पडलास तर आधी येऊन सांग. कुठे लागलं आणि कशावर आदळलास, एवढंच विचारीन. रागवायचं असेल ते दुसऱ्या दिवशी."